छत्तीस शब्दांचं घर



संयोजकांनी फोनवर मला विषय दिला होता, ‘अमेरिकेतील सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या संधी’. पण आपल्यातल्या निम्म्यांची मुलं त्या विषयात आता माझ्यापेक्षा पुढे आहेत. म्हणून मी आज चित्रांबद्दल बोलणार आहे. चित्रकलेचे सर समोरच बसलेत. सर, एलिमेंटरीला मला ‘क’ श्रेणी होती, हे तुम्ही विसरला असाल तर बरंच आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये निर्वासितांविषयीचं एक प्रदर्शन होतं. मुलीला सुट्टी होती, बाहेर थंडी मरणाची, म्हणून आत शिरलो. एका भिंतीवर जगाचा भलामोठा नकाशा होता, आणि तो सगळा विजेच्या वायरींचा! रंगीबेरंगी वायरी एका खंडातून दुसऱ्या खंडात गेलेल्या. मजूर, वसाहती करणारे, जीव वाचवून पळालेले, अशा माणसांच्या जाण्यायेण्याच्या त्या वाटा होत्या. मधूनच कुठे वायरींना काटेरी तारेसारखे पीळ दिलेले. स्पीकरमधून भोंगे, फोनचे आवाज ऐकू येत होते. खाली नाव वाचलं, रीना सैनी कल्लाट. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेली चित्रकार! मी तिथे उभ्या उभ्या रावेर शोधलं. अर्थातच नव्हतं. वायरीतून आवाज पोचतो आणि वायरीनेच कुंपणही घालता येतं, हे माझ्यासारख्या वायरींवर पोट भरणाऱ्या बाईला तोवर सुचलं नव्हतं.

मग याच रीनाबाईंचं आधीचं एक काम कळलं. २०१३ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भागावर त्यांनी कोळ्याचं प्रचंड जाळं लावलं होतं. ते विणलं होतं रबरी शिक्क्यांनी. शिक्क्यांवर मुंबईच्या रस्त्यांची इंग्रजांच्या काळातली, आता बदलून गेलेली नावं. आपल्याकडे शिक्का बसल्याशिवाय माणूस धड जन्मत नाही आणि मरतही नाही, त्यामुळे हे काम समजायला मला कोणा जाणकाराची गरज पडली नाही.

नावांचाच विषय निघाला म्हणून सांगते. मुंबईच्याच शिल्पा गुप्ता यांनी आडनाव बदललेल्या शंभर जणांच्या गोष्टी घेऊन एक चित्रमालिका केली. कोणी भीतीपोटी, कोणी जात लपवायला, कोणी परक्या देशात खपून जायला नाव बदललेलं. प्रत्येक तसबीर मधोमध कापून दोन तुकडे वेगळे केलेले. ती पाहताना मला घाम फुटला, कारण नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका अर्जाचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. नावाच्या चौकटीत इंग्रजी ए ते झेडखेरीज काही टाकलं की लाल अक्षरात ‘नाव चुकीचं आहे’ असं यायचं. हे वाक्य माझं. कोणीही मला ते लिहायला सांगितलं नव्हतं. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच जागा होती, माझ्या चौकटीत मात्र नव्हती. (‘पोऱ्या’मधला तो अर्धचंद्रासारखा र संगणकावर उमटवायला किती वर्षं लागली, ते मराठी टाइप करणाऱ्यांना विचारा!)

पण मला आज बोलायचं आहे ते झरीना हाश्मींबद्दल. चित्रांखाली त्या नुसतं ‘झरीना’ लिहीत. जन्म १९३७, अलीगढ. तिथल्याच विद्यापीठात त्यांनी गणिताची पदवी घेतली, हे वाचून मला उगाच आपलेपणा वाटला. फाळणीनंतर काही वर्षांनी घरचे पाकिस्तानात गेले. या नवऱ्याच्या परराष्ट्र खात्यातल्या नोकरीमुळे देशोदेशी फिरल्या आणि शेवटी न्यूयॉर्कला स्थिरावल्या. २०२० मध्ये लंडनला वारल्या. १९९९ मध्ये त्यांनी छत्तीस लाकडी ठशांचा एक संच केला. त्याच्या नावाचा अर्थ, घर हाच एक परका मुलूख. आधी त्यांनी शब्दांची यादी केली. घर, उंबरठा, दार, अंगण, भिंत, अंतर, सीमा, भाषा असे छत्तीस उर्दू शब्द. ते सुंदर अक्षरात लिहवून घेतले आणि मग प्रत्येक शब्दाचं चित्र कोरलं. चित्रं तरी कशी, चार रेघा, एखादा काळा चौकोन. उंबरठा म्हणजे जवळजवळ एक रेघच. त्यांची बहीण कराचीत होती. तिने लिहून ठेवलेली, पण कधी न धाडलेली पत्रं पुढे झरीनांच्या हाती पडली. २००४ मध्ये त्यांनी त्या उर्दू ओळींवर घरांचे आराखडे आणि नकाशे छापले. अक्षर बहिणीचं, भिंती हिच्या.

आता माझी गोष्ट, जी मी आजवर इथे कोणाला सांगितली नाही. आपल्या वर्गात किती भाषा होत्या आठवा. आमची लेवा बोली, गुजरांची वेगळी, तडवी मुलांची वेगळी, बंजारा मुलांची आणखी वेगळी. मधल्या सुट्टीत उर्दू शाळेतली पोरं यायची. बुऱ्हाणपूरहून आलेला पाहुणा हिंदी बोलायचा. घंटा झाली की सगळे पुस्तकी मराठीत शिरायचे. तेव्हा त्यात दुःख काही नव्हतं. बाईंनी शिकवलेल्या त्या मराठीवरच आज मी इथे उभी आहे.

पुण्याला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा होस्टेलवर माझं ‘करू राह्यली’ ऐकून मुली हसल्या. महिन्याभरात मी ते सोडलं. दिवाळीआधी आई भेटायला आली, बरोबर कळण्याच्या भाकरी आणि केळीची अख्खी फणी. मैत्रिणींसमोर म्हणाली, “केयी खा, आपल्या मयातली हाये.” मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, “आई, इथे नीट बोल.” ती दोन दिवस राहिली. मैत्रिणींशी नुसती हसत होती, शब्द बोलली नाही.

शेवटच्या आजारपणात आईची पुस्तकी मराठी गळून पडली, उरली ती बोलीच. फोनवर नातीशी भरभरून बोलायची. एकदा मुलीने मला विचारलं, “आजी हिंदी बोलतेय का?” माझ्याच्यानं उत्तर देववेना.

आई गेल्यानंतर झरीनांची चित्रं मी पुन्हा काढून बसले. मुलगी आता चौदाची आहे आणि शाळेत लिनोवर ठसे कोरायला शिकते. ती म्हणाली, आपणही यादी करू. पहिला शब्द मीच दिला, ‘निसवण’. केळीच्या पोटातून कमळ बाहेर पडणं. याला इंग्रजीत काय म्हणतात, ते तिने मला विचारलं, मी केळीच्या झाडाचं चित्र काढून दाखवलं. चित्र वाईट होतं, सर. मग ‘पील’, ‘मृगबाग’, ‘कांदेबाग’, ‘बट्टी’, ‘मय’. ‘शाया’ हा शब्द तिला फार आवडला. ळ गेल्यामुळे शाळा हलकी झाली, असं तिचं म्हणणं.

आणि हे काही परदेशातलंच वेड नाही. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोस शांतिनिकेतनहून इथे आले आणि त्यांनी सगळी सजावट इथल्या बांबूंतून उभी केली. त्यांना आपली बोली येत नव्हती, पण आपला बांबू हातात घेऊन ते बोलले.

तर यादीत सध्या एकोणीस शब्द आहेत. माझ्या आठवणीतले संपले. तडवी, गुजरी, बंजारा, उर्दू, कुठलाही चालेल, पण घरात वापरलेला हवा. ज्यांच्या आई-आजी अजून आहेत त्यांनी आज रात्री विचारून घ्या, मी शुक्रवारी परत जाते. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. शब्दाशेजारी तुमचं नाव लिहा, हव्या त्या लिपीत.