योद्धा म्हणायचं आणि ड्युटी लावायची



तुम्ही पत्रिकेवर विषय छापलाय, 'साथीच्या काळातलं शिक्षकांचं मानसिक आरोग्य'. शब्द गुळगुळीत आहेत. मी सेनगाव तालुक्यातला जिल्हा परिषदेचा मास्तर. मला तेवढं गुळगुळीत बोलता येत नाही, ते सांभाळून घ्या.

तुम्ही मुंबई-पुण्याची पोरं. हिंगोली तुम्हाला नकाशात शोधावी लागते. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा काढलेला जिल्हा. पाच तालुके. हळद, सोयाबीन, औंढ्याचा नागनाथ, नरसीचे नामदेव. आणि दिवाळीच्या पुढेमागे बिऱ्हाड उचलून ऊस तोडायला जाणारी माणसं. ही शेवटची माणसं म्हणजे माझ्या वर्गातल्या पोरांचे मायबाप.

तुमच्या विषयाला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. फ्रॉइडेनबर्गर नावाच्या न्यूयॉर्कच्या मानसतज्ज्ञानं १९७४ साली हा शब्द फुकट दवाखान्यांत राबणाऱ्या लोकांसाठी वापरला. पुढे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची व्याख्या केली आणि एक गोष्ट बरी केली. हा आजार नाही, कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम आहे, असं लिहून ठेवलं. म्हंजे दुखणं माणसात नाही, कामात आहे. आपल्याकडे मात्र मास्तर करपला की त्याला प्राणायाम सांगतात. चुलीवर रिकामा तवा ठेवायचा, खालून लाकडं सारायची आणि तव्याला म्हणायचं, थंड हो!

लाकडं कशी सारली ते ऐका.

१३ मार्च २०२० ला महाराष्ट्रात साथरोग कायदा लागू झाला. शाळा बंद. एप्रिल-मे मध्ये मालेगाव-मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव दलाच्या जवानांत साथ निघाली आणि हिंगोली घाबरली. मग मास्तर दिसला. चेकपोस्टवर मास्तर. रेशन दुकानावर रांग लावायला मास्तर. बाहेरून आलेल्यांची यादी करायला मास्तर. आणि ज्या खोलीत मी पाढे घ्यायचो, तिथंच क्वारंटाइन.

या क्वारंटाइनला जात होती, दोस्तांनो. ज्याला शेत आहे तो पुण्याहून आलेला पोरगा सरळ आखाड्यावर जाऊन राहिला. घरून डबा जायचा. ज्याला शेत नाही, ज्याचं घर एका खोलीचं, तो शाळेत. म्हणजे कोण? बौद्धवाड्यातला, मातंगवस्तीतला. आणि त्यांच्यावर पहारा करायला कोण, तर त्याच वाड्यातून शिकून मास्तर झालेला मी. रात्री फरशीवर पडलेलं माणूस म्हणायचं, "सर, मायला भेटून येऊ द्या की, दुरूनच." नाही म्हणायचं काम माझं. हे काम कोणत्या डी.एड.च्या पुस्तकात शिकवलंय?

१५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. घरोघर जाऊन ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. दिवसाला पन्नास घरं. आमच्या पथकातल्या दुसऱ्या माणसाला घरात बोलावलं, पाणी दिलं. मला म्हणाले, "ते यंत्र ओट्यावर ठेवा गुरुजी, आमीच लावतो." सरकारनं सांगितलेलं सहा फुटांचं अंतर म्हणे! त्याला लागू नव्हतं, मला होतं. शिवताशिवतीला इतकं सोयीचं नाव या आधी मिळालं नव्हतं. आणि आपल्या वाड्यात गेलो की उलटं. "सर, ताप लिहू नका, उचलून नेतात." लिहिलं तर आपल्याच माणसाचा विश्वास गेला, नाही लिहिलं तर नोकरी. संध्याकाळी घरी आलो की बायको अंगणात गरम पाणी ठेवायची. मी अर्धा तास तसाच पायरीवर बसून राहायचो. बोलायचं मन व्हायचं नाही.

आणि हे सगळं करत असताना शाळा बंद पण शिक्षण सुरू. मोबाइलवर अभ्यास पाठवा, किती पोरांनी बघितला ते कळवा, फोटो टाका. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, चांगली होती, पण ज्याच्या घरी टीव्ही आहे त्याला. 'असर'च्या २०२० च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या शंभर पोरांपैकी बासष्टांच्या घरी स्मार्टफोन निघाला. उरलेली अडतीस कोणत्या वस्तीत राहतात, हे तुम्हाला सांगायला नको. आणि बासष्टांतलाही फोन दिवसभर बापाच्या खिशात, बाप कामावर. मी देवळाच्या पारावर, झाडाखाली चार-पाच पोरं बसवून शिकवायचो. ते काम मला कधी जड गेलं नाही, हे मुद्दाम सांगतो. ज्या दिवशी शिकवलं त्या दिवशी झोप लागायची.

ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. मार्च २०२० मध्ये दुसरीत असलेलं पोर परत आलं तेव्हा चौथीत होतं. त्याला स्वतःचं नाव लिहिता येईना. त्याच्याकडे बघून जे पोटात कालवतं, तेच खरं करपणं. बाकी अंगदुखी औषधानं जाते.

विनाअनुदानित शाळांतल्या भावंडांचं थोडक्यात सांगतो, कारण ते आजच्या भाषणात मावणार नाही. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' २००९ साली कागदावरून गेला, २० टक्क्यांचं अनुदान यायला २०१६ उजाडलं, तेही सगळ्यांना नाही. साथीत त्यांतले कितीतरी जण दुसऱ्याच्या शेतात रोजानं गेले. त्यांना थकायचीही ऐपत नव्हती.

आता मरणाचं. मे २०२० मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात चेकपोस्टवरच्या एका शिक्षकाला ट्रकनं चिरडलं. उत्तर प्रदेशात २०२१ च्या पंचायत निवडणुकीच्या ड्युटीनंतर १,६२१ शिक्षक-कर्मचारी गेले असं तिथल्या शिक्षक संघानं सांगितलं. सरकार आधी म्हणालं, तीन! आपल्याकडं कळमनुरीचे राजीव सातव, राज्यसभेचे खासदार, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात १६ मे २०२१ ला वारले. मग वस्तीवरच्या गुरुजीला बेड कोण देणार?

कोविड ड्युटीवर मेलेल्याच्या घरच्यांना ५० लाख, असा शासन निर्णय २९ मे २०२० ला निघाला. पण आधीच्या चौदा दिवसांत तो ड्युटीवर होता हे दाखवायला लागायचं. माझ्या ओळखीचे एक गुरुजी गेले. ड्युटी लावली होती फोनवर. "उद्यापासून तिकडं जा." संपला आदेश. त्यांची बायको कागदासाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. गुरुजी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, म्हणून जुनी पेन्शन नाही आणि त्या काळात कुटुंब निवृत्तिवेतनही नाही. घराण्यातला पहिला पगार त्यांचा होता. त्याच्यावर दोन भावांचं शिक्षण होतं.

असं काही बोललं की व्यासपीठावरचे लोक सावित्रीबाईंचं नाव काढतात. बघा, प्लेगमध्ये त्यांनी सेवा केली! केलीच. मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं आजारी पोर पाठीवर घेऊन त्या यशवंतच्या दवाखान्यात गेल्या आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनंच गेल्या. पण त्यांना कुणी ड्युटी लावली नव्हती. सरकारनं ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा केला, तो लोकांना धरून न्यायला. सावित्रीबाई ज्या पोराला कुणी शिवत नव्हतं त्याच्याकडं स्वतःहून गेल्या. २०२० मध्ये आम्हाला लावला तो १८९७ चा कायदा, आणि भिंतीवर फोटो लावला सावित्रीबाईंचा. हा डाव ओळखा.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम लावायचं नाही. 'आपत्ती निवारण' या दोन शब्दांतून आम्हाला वीस महिने हाकललं. ती आपत्ती किती दिवस, दिवसाला किती तास, सुट्टी कधी, हे त्या कलमात नाही. त्यात भर म्हणून १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतींचं मतदान, तिथंही आम्हीच.

तेव्हा मला तुमच्याकडून समुपदेशन नको. तुमच्यात वकिली शिकणारे आहेत, टाइप करणारे आहेत, माहिती अधिकारात अर्ज टाकून साहेबांना घाम फोडलेलेही दोघं-तिघं दिसतायत. साथीत फोनवर ज्या ज्या ड्युट्या लावल्या, त्यांची हजेरीपत्रकं, व्हॉट्सॲपचे निरोप, रजिस्टरवरच्या सह्या अजून लोकांच्या घरी पडून आहेत. गेलेल्या गुरुजींच्या घरी एकेक पिशवी आहे. ती उघडून क्रमानं लावायला माणसं पाहिजेत. पुढची साथ यायच्या आत तोंडी आदेश बंद, लेखी आदेशावर तारीख आणि मुदत, एवढं तरी पदरात पाडून घेऊ. सेनगावला या. दोन दिवस बसू. भाकरी माझ्या घरी.

जय भीम.