उसना होकार
(वाशीम येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘बाप्तिस्मा : योग्य वय कोणते?’ मघाशी बाहेर चहा घेताना एका गृहस्थांनी विचारलं, ‘सर, यात आमचं काय काम?’ मी म्हटलं, बिनधास्त या. माझ्याजवळ पाण्याचा हा एकच ग्लास आहे आणि तो मलाच लागणार आहे. (हशा)

पण प्रश्न तुमच्या घरातलाही आहे. मुंज आठव्या वर्षी करायची की लग्नाच्या आदल्या दिवशी उरकायची? वारकऱ्याच्या घरी पोराच्या गळ्यात माळ कधी घालायची? बालदीक्षेवर जैन समाजात केवढा वाद झालाय, हे शिरपूर-कारंज्याच्या लोकांना मी काय सांगू? आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आईबापांच्या कडेवर जी लेकरं होती, त्यांची धम्मदीक्षा त्या दिवशी झाली की ती मोठी झाल्यावर? (मागून आवाज : ‘माझे वडील होते तिथं, कडेवर!’) होते ना? मग सभा संपल्यावर मला भेटा. त्यांनी बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने कधी म्हटल्या, ते मला ऐकायचंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. होकार उसना घेता येत नाही. आईबापांनी लेकराला देवापुढे आणावं, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, पण त्याच्या वाट्याचा होकार त्याच्यासाठी राखून ठेवावा. माझ्या समाजातल्या अर्ध्या लोकांना हे पटत नाही. त्यांतले काही तिसऱ्या रांगेत बसलेत, मला दिसतायत. (हशा)

आता हे अर्धे-अर्धे कसे झाले? कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट, नगरकडची अमेरिकन मराठी मिशनची मंडळी हे सगळे बाळाला बाप्तिस्मा देतात. मोठेपणी तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा दिवस वेगळा, कुठे त्याला दृढीकरण म्हणतात. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि आपल्या शेजारी अकोल्याकडची अलायन्सची मंडळी बाळाचं समर्पण करतात, पाणी मात्र ते समजतं झाल्यावर. तेही शिंपडून नाही, पूर्ण बुडवून. वाशीमचं वैशिष्ट्य असं की इथली मोठी मंडळी नाझरीन. १९३८ साली डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी सुरू केलेलं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल तुम्हाला ठाऊक आहे, ते याच मंडळीचं. त्यांच्या नियमात दोन्ही चालतं. बाळाचा बाप्तिस्मा चालतो, समर्पण चालतं. शिंपडा, ओता, बुडवा, घेणाऱ्याची इच्छा. म्हणजे वाशीमची मुलगी अकोल्याला दिली की पहिलं नातवंड होईपर्यंत सगळं सुरळीत. (हशा) हसू नका. मी अशी भांडणं सोडवायला बसलोय. एक आजी बारशाची तयारी करते आणि दुसरी आजी म्हणते, लेकरू अजून रांगत नाही, पाप कशाचं धुता?

दोन्हीकडे वचनं आहेत. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला, हे पहिल्या बाजूचं. येशूने स्वतः घेतला तो तिशीत, हे दुसऱ्या बाजूचं. चर्चचा जुना इतिहास मी सोडतो, टर्टुलियन थांबा म्हणाला, सिप्रियन आठ दिवसही थांबू नका म्हणाला, एवढं पुरे. ऑगस्टीन मात्र सोडवत नाही. ३८७ सालच्या ईस्टरला मिलानमध्ये तो बत्तीस वर्षांचा बाप आणि पंधरा वर्षांच्या आसपासचा त्याचा मुलगा अदेओदातुस, दोघे एकाच रात्री पाण्यात उतरले. ज्याच्या लिखाणाचा आधार घेऊन पुढे हजार वर्षं बाळांना बाप्तिस्मा दिला गेला, त्याला स्वतःला पाणी मिळालं ते बत्तिसाव्या वर्षी!

आणि आपला विल्यम कॅरी. आपला म्हणतो, कारण १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारा तोच. त्याचा पहिला बंगाली शिष्य कृष्ण पाल हुगळी नदीत उतरला २८ डिसेंबर १८०० ला. त्याच दिवशी त्याच पाण्यात आणखी कोण उतरलं? कॅरीचा थोरला मुलगा फेलिक्स, वय चौदा. मिशनरीचा मुलगा! बापाने चौदा वर्षं त्याच्यावर थेंब टाकला नाही. कृष्ण पाल सुतार, फेलिक्स साहेबाचा पोरगा, दोघांनाही एकाच काठावर उभं राहून आपापलं ‘हो’ म्हणावं लागलं. मला हे दृश्य फार मोठं वाटतं.

आता मराठी मुलखात या. १८३९ चा मुंबईतला पारशी मुलांचा खटला पुष्कळांनी वाचलेला असेल, तो सोडतो. १८४३ चा सांगतो. नारायण शेषाद्री आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, ब्राह्मणाची मुलं. नारायण मोठा, त्याने बाप्तिस्मा घेतला. श्रीपत बारा वर्षांच्या घरातला. तोही भावापाठोपाठ मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला, त्यांच्यात जेवला. बाप कोर्टात गेला. न्यायमूर्ती एर्स्किन पेरी यांनी श्रीपतला बापाच्या ताब्यात दिलं. मग दुसरंच वादळ उठलं. याला जातीत परत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. सनातन्यांनी त्यांच्यावर केवढी आग पाखडली! बारा वर्षांच्या पोरासाठी मिशनरी भांडले, बाप भांडला, शास्त्री भांडले, कोर्ट बसलं. थोरला नारायण पुढे आपल्या जवळच, जालन्याला आला, बेथेल नावाची वस्ती त्याने वसवली. जालन्याला जाता-येता मला मात्र श्रीपतच आठवतो. मोठा झाल्यावर त्याला कोणी निवांत बसवून विचारलं असेल का, बाबा, तुझं काय म्हणणं होतं?

पंडिता रमाबाईंचं पाहा. २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधलं वाँटेज. रमाबाई पंचवीस वर्षांच्या, त्यांची मनोरमा अडीच वर्षांची. दोघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी. आईने डोळे उघडे ठेवून घेतला, लेकीला काय कळणार? पण पुढे पाहा. मनोरमेला धर्माचं काय शिकवायचं, कोणत्या पद्धतीने शिकवायचं, यावर रमाबाईंचं वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून किती वाजलं! माझ्या मनाला पटल्याशिवाय कोणाची शिकवण मी मुकाट्याने घेणार नाही, हा त्यांचा बाणा, आणि लेकीसाठीही त्या तशाच झगडल्या. म्हणून त्या माऊलीला मी दोष देत नाही. पाणी लवकर दिलं, पण होकार कोणाला बळकावू दिला नाही.

(एक चिठ्ठी आली आहे.) ‘सर, तुमचा स्वतःचा कोणत्या वयात?’ विचारलंत म्हणून सांगतो, दोन मिनिटांत आटोपतो.

मी दहा महिन्यांचा होतो. ताप उतरेना. आमच्या आजीने कबूल केलं, पोर वाचलं तर येत्या रविवारी मंडळीत नेईन. मी वाचलो. रविवारी चर्चमधलं भांडं सापडेना, म्हणून आजीने घरचा पितळी तांब्या नेला, त्याच पाण्याने झालं. मी सोळा वर्षांचा असताना एका गावी सभांना गेलो. तिथली मंडळी बुडवून देणारी. त्यांचे पाळक म्हणाले, लहानपणी झाला तो बाप्तिस्माच नव्हे, पुन्हा घे, नाहीतर प्रभुभोजनाला बसता येणार नाही. मित्र घेत होते. मीही तयार झालो, फक्त कपडे न्यायला घरी आलो. आजी ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होती. सूप हातात तसंच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘काऊन रे बापू, म्या तवा खोटी व्हती का? ते पानी माह्यं व्हतं, म्या देवाले देल्लं. तुले आता हो म्हनाचं असंल त म्हन. मोठ्यानं म्हन. पन माह्यं पानी पुसू नोको.’ आणि पुन्हा पाखडायला लागली.

मी गेलो नाही. पुढच्या महिन्यात आमच्याच मंडळीत उभा राहिलो आणि माझं ‘हो’ म्हटलं. पाण्याशिवाय. आजी पहिल्या बाकावर होती.

म्हणून माझ्या म्हणण्याला दोन टोकं आहेत. लेकरासाठी थांबा, हे एक. आणि ज्याचं लहानपणी झालंय, त्याचं पाणी रद्द करू नका, हे दुसरं. बुडवणारे मला पहिल्यासाठी मिठी मारतात, दुसऱ्यासाठी खाली ढकलतात. (हशा, टाळ्या)

तिसऱ्या रांगेतून हात वर आहे. बोला. (श्रोता : ‘हबशी षंढाला फिलिप्पाने वाटेतच दिला. तुम्ही एवढं थांबवणारे कोण?’) बरोबर आहे, वाटेतच दिला. पण रथातून पाणी कोणाला दिसलं? षंढाला. मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत, असं त्यानेच विचारलं. मी वर्षं मोजत नाही हो, मी विचारण्याची वाट पाहा म्हणतोय. मूल सहाव्या वर्षी विचारील, एखादं साठाव्या. (श्रोता : ‘आणि तोवर मेलं तर?’) ...हे खरं अवघड आहे. माझ्या आजीचीही तीच भीती होती. ज्याने लेकरांना जवळ येऊ द्या म्हटलं, तो ओल्या केसांची चौकशी करून दार उघडणार नाही, एवढा माझा विश्वास आहे. त्यापुढे माझ्याजवळ पुरावा नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं. नागपूर राहिलं, तेच तर आपल्या विदर्भाचं! २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. चाळीस वर्षं वाटाघाटी चालल्या. सहांत अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्सही होते. ज्या प्रश्नावरून १५२७ साली झुरिचमध्ये फेलिक्स मांझला नदीत बुडवून मारलं, त्यावर इथे ठरलं की दोन्ही रीती एका घरात नांदतील. बाळाचा बाप्तिस्मा ज्यांना हवा त्यांनी तो द्यावा, ज्यांना नको त्यांनी समर्पण करून थांबावं. यावर खरं तर अख्खं व्याख्यान हवं होतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा ‘देवाचा दरबार’ही राहिला. १९१७ साली त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा होती, एवढं नोंदवून ठेवा.

शेवटची चिठ्ठी वाचतो. ‘तुमच्या मुलांचं काय केलंत?’

एकच मुलगी. तिचं समर्पण केलं, पाणी दिलं नाही. बाराव्या वर्षी तिने विचारलं, बाबा, माझा कधी? मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा विचार. तिने पुढच्या वर्षी विचारलं नाही. त्यानंतरही नाही. आज ती सव्वीस वर्षांची आहे. रविवारी मंडळीत पेटी वाजवते, प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर व्हरांड्यात उभी राहते. माझी बायको मला अजून म्हणते, तेव्हाच हो म्हणाला असता तर! काही रात्री मलाही तसं वाटतं. तरी मी तिला विचारत नाही. आजीचा तांब्या दर शनिवारी चिंचेने घासून ठेवतो.