हुदैबियाचा कागद

मुत्सद्देगिरी म्हटलं की आपल्याला केसानं गळा कापणंच आठवतं. इस्लाममध्ये तिचं रूप पाहायचं तर मी इ. स. ६२८ मधल्या हुदैबियाच्या तहाकडे वळतो.

प्रेषित मुहंमद (स.) सुमारे १४०० अनुयायांसह मदिनेहून उमऱ्याच्या यात्रेला निघाले होते. अंगावर एहराम, सोबत कुर्बानीचे उंट. मक्केच्या कुरैशांनी वाट अडवली. हुदैबियाला मुक्काम पडला, दूतांची ये-जा सुरू झाली. पैगंबरांचे दूत हजरत उस्मान यांना मक्केत मारल्याची अफवा उठली आणि लढण्याच्या शपथाही झाल्या. अफवा खोटी निघाली. मग कुरैशांतर्फे सुहैल बिन अम्र बोलणी करायला आला.

मी कवी, त्यामुळे पुढचा प्रसंग मला फार जवळचा. मसुदा हजरत अली लिहीत होते. आरंभीच्या 'रहमान' या शब्दाला सुहैलनं हरकत घेतली. जुनी अरबी रीत चालेल म्हणाला. मान्य झालं. मग 'अल्लाहचे प्रेषित' हे शब्द त्याला खटकले. तसं मानत असतो तर वाट कशाला अडवली असती, हा त्याचा सवाल. सवाल बिनतोड होता! हजरत अलींचा हात ते खोडायला धजेना. पैगंबरांनी जागा विचारून घेतली आणि ते शब्द स्वतः पुसले. उरलं 'अब्दुल्लाहचे पुत्र मुहंमद'. इकडे संपादकानं एक विशेषण काढलं, की आम्ही कवी महिनाभर त्याच्याशी बोलत नाही.

दहा वर्षं युद्ध नाही. यंदा परत फिरायचं, पुढल्या वर्षी तीन दिवस यायचं. पण मक्केहून पळून आलेल्याला परत पाठवायचं, मदिनेहून तिकडे गेलेला मात्र परत मिळणार नाही. तेवढ्यात साखळदंड ओढत अबू जंदल आला. सुहैलचाच मुलगा, मुसलमान झाला म्हणून कोंडलेला. दिल्या शब्दाखातर त्याला परत द्यावं लागलं. नाव पुसणं मला उमगतं. हे मात्र आजही पचायला जड जातं.

हजरत उमर यांनी उघड जाब विचारला. कुर्बानी आणि मुंडण करा, हे सांगूनही कुणी जागचं हलेना. पत्नी उम्मे सलमा यांनी सुचवलं, कुणाशी न बोलता आधी स्वतः करा. तसं होताच सगळे उठले.

अबू जंदल पुढे निसटला. समुद्राकडच्या वाटेवर त्याच्यासारखे आणखी जमले. मदिनेत ते राहत नव्हते, म्हणून तहात बसत नव्हते. कुरैशांचे तांडे लुटले जाऊ लागले, तेव्हा कुरैशांनीच मदिनेला निरोप धाडला, ते कलम राहू द्या, या माणसांना तुमच्याकडे बोलावून घ्या.