बाकावरचा दुसरा मास्तर



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा ‘बास्केटबॉलचा सहप्रशिक्षक’ असे मी सांगितले. दूरध्वनीच्या पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग चिटणिसांनी मोठ्या अदबीने विचारले, “सर, नुसता प्रशिक्षकच घेतला तर नाही का चालणार?” त्यांचा यात काही दोष नाही. लोक संत एकनाथ रंगमंदिरात नाटकाला जातात ते नायकाचे काम पाहायला, विंगेतून वाक्य पुरविणाऱ्याचे पाहायला नव्हे. पोवाड्यातही शाहिराचे नाव राहते, झीलकऱ्याचे राहत नाही. पण चिटणिसांनी विचारलेल्या त्या प्रश्नातच माझे आजचे सगळे व्याख्यान आहे, म्हणून विषय मी बदलला नाही.

आपला हा उस्मानपुरा विद्यार्थ्यांचा भाग. स्टेशन रस्त्याच्या या पट्ट्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे, देवगिरी महाविद्यालय आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास इकडून चालत गेले, की कोठे ना कोठे चेंडू आपटल्याचा आवाज कानी येतोच. मी याच शहरात शिकलो आणि पुढे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो. तेव्हा जे बोलतो आहे ते काही पुस्तकातले व काही अंगावर आलेले, असे मिश्रण आहे. ते सांभाळून घ्यावे.

खेळाची जन्मकथा पुष्कळांना ठाऊक असेल. १८९१ सालचा डिसेंबर. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावच्या वाय.एम.सी.ए. प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे तिशीतले शिक्षक होते. बाहेर थंडी आणि आत कवायतीला कंटाळलेले अठरा विद्यार्थी. नेस्मिथांनी सज्जाला पीचच्या फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. टोपलीला बूड होते, म्हणून चेंडू आत पडला की कोणाला तरी वर चढून तो काढावा लागे. तो चेंडू काढणारा माणूस मला या खेळातील पहिला सहायक वाटतो. त्याचे नाव मात्र कोणी सांगत नाही! तो सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता, आणि आजही कडी दहा फुटांवरच आहे.

नेस्मिथ १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेले. गंमत अशी, की ज्याने खेळ निर्माण केला, त्याच्याच संघाचे त्या विद्यापीठात विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत : ५५ विजय आणि ६० पराभव. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे त्यांचे मत होते म्हणतात. त्यांचे शिष्य फॉग ॲलन यांना ते पटले नाही. ॲलन यांनी प्रशिक्षण हाच धंदा केला. ॲलन यांच्या संघात डीन स्मिथ नावाचा विद्यार्थी होता. १९५२ साली तो संघ राष्ट्रीय विजेता झाला. पुढे हे स्मिथ नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले, तेथे तीन वर्षे सहप्रशिक्षक राहिले आणि १९६१ साली मुख्य झाले. गुरुपरंपरा ही आपल्याकडेच असते असे समजण्याचे कारण नाही.

मला ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, ते मात्र स्मिथ नव्हेत. त्यांचे नाव बिल गथरिज. कॅन्सस राज्यातलाच माणूस. १९६७ साली ते स्मिथ यांच्या हाताखाली सहप्रशिक्षक म्हणून आले, आणि १९९७ सालापर्यंत त्याच खुर्चीवर बसून होते. तीस वर्षे! एवढ्या अवधीत एक पिढी सरते. स्मिथ यांनी ८७९ सामने जिंकले, आणि त्यांतील फार मोठ्या भागात शेजारच्या खुर्चीवर हाच माणूस होता. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनाने जॉर्जटाऊनला ६३-६२ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. तेव्हा अखेरचा निर्णायक फेक करणारा पोरगा मायकेल जॉर्डन साऱ्या जगाला ठाऊक झाला. गथरिज बाकावर होते.

तीस वर्षे या माणसाला दुसरीकडून बोलावणे आले नाही, असे मुळीच नाही. १९७८ साली पेनसिल्व्हेनियातील एका मोठ्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी घेण्याचे ठरविलेही होते. प्रवासाला निघाले, आणि विमानतळावरच मन फिरले. ते परत आले ते आपल्या दुसऱ्या खुर्चीवर बसण्यासाठी. आपल्याकडे अशा माणसाला ‘महत्त्वाकांक्षा नाही’ असे म्हणून मोकळे होतात. पण पुढचे ऐका. १९९७ सालच्या ऑक्टोबरात स्मिथ अचानक निवृत्त झाले. हंगाम तोंडावर आलेला. विद्यापीठाने साठ वर्षांच्या गथरिजना मुख्य केले. पहिल्याच वर्षी त्यांच्या संघाने ३४ सामने जिंकले, ४ गमावले आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या चार संघांत स्थान मिळविले. तीन वर्षांत दोनदा हे साधले. तीन वर्षांची बेरीज ८० विजय, २८ पराभव. मग २००० साली ते शांतपणे निवृत्त झाले. २०१५ सालच्या फेब्रुवारीत स्मिथ वारले, मे महिन्यात गथरिज वारले.

या दोघांच्या संघात एक चाल होती, ती मला फार आवडते. टोपलीत चेंडू टाकणाऱ्याने लगेच ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचे. प्रेक्षक ओरडत असतात टाकणाऱ्यासाठी. तो बोटाने सांगतो, याच्यामुळे. स्मिथ यांनी घालून दिलेली ही रीत पुढे जगभर पसरली. आपल्या मैदानांवरही मुले हे करतात. कोठून आले ते त्यांना माहीत नसते.

आता हा सहप्रशिक्षक करतो तरी काय? ज्यांनी मैदान पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुख्य प्रशिक्षक संघाला शिकवितो. सहप्रशिक्षक एकेका मुलाला. कोणाचा डावा हात चालत नाही, कोण पिव्हट करताना मागचा पाय उचलतो, कोण फ्री थ्रो टाकताना श्वास रोखून धरतो, हे त्याला ठाऊक असते. पुढच्या आठवड्यात ज्या संघाशी गाठ आहे, त्याचा खेळ आधी पाहून येणे, टिपणे करणे, त्या संघाच्या चाली आपल्या राखीव खेळाडूंना शिकवून सरावात त्यांच्याकडून करवून घेणे, हे त्याचे काम. आणि एक काम कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही : मुख्य प्रशिक्षक ज्याला रागावला, त्या मुलाशेजारी बसमध्ये जाऊन बसणे.

अमेरिकेत तरी या माणसाची कदर होते, असे कोणाला वाटेल. तेथेही काय झाले पाहा. १९९१ साली महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने खर्च कमी करायचे ठरविले. कात्री कोणावर चालवावी? मुख्य प्रशिक्षकांच्या पगाराला हात लावण्याची छाती कोणाची! तेव्हा नियम असा केला, की बास्केटबॉलच्या सर्वांत खालच्या सहप्रशिक्षकाला वर्षाला १६ हजार डॉलरपेक्षा अधिक द्यायचे नाहीत. यांपैकी काही जण त्यापूर्वी साठ-सत्तर हजार मिळवीत होते. हे सहप्रशिक्षक न्यायालयात गेले. खटला कोठे चालला असेल? कॅन्ससमध्येच, नेस्मिथांच्या राज्यात. न्यायालयाने सांगितले, की सगळ्या विद्यापीठांनी एकत्र येऊन नोकराचा पगार बांधून टाकणे हे स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे. १९९८ साली वरिष्ठ न्यायालयानेही तेच म्हटले, आणि १९९९ साली संघटनेला ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. हा खटला मला गथरिज यांच्या विजयांइतकाच मोलाचा वाटतो. निष्ठा हा गुण खरा. पण निष्ठावंताला पोट नसते अशी समजूत करून घेणे सोयीचे असते, म्हणून ती लवकर रुजते.

आता घराजवळ येऊ. आपल्याकडे बास्केटबॉलला पैसा नाही. क्रिकेटला आहे, म्हणून दुसऱ्या खुर्चीचा हिशेब तेथेच नीट दिसतो. मुंबईचे पारस म्हांब्रे यांचे उदाहरण घ्या. १९९६ साली इंग्लंडमध्ये दोन कसोटी सामने खेळले आणि तेवढ्यावरच कसोटीची कारकीर्द थांबली. मग ते प्रशिक्षणाकडे वळले. बंगालचे प्रशिक्षक असताना तो संघ लागोपाठ दोन वर्षे रणजीच्या अंतिम सामन्यात गेला. दुसऱ्या वेळी हरला तो म्हांब्रे यांच्या स्वतःच्या मुंबईकडून. पुढे राहुल द्रविड यांच्याबरोबर तरुणांच्या संघात गोलंदाजीचे मास्तर झाले, आणि २०२१ ते २०२४ या काळात भारताच्या मुख्य संघातही. २०२४ साली बार्बाडोसला भारताने वीस षटकांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ते त्या बाकावर होते.

आता पैशाचा प्रसंग. २०१८ साली एकोणीस वर्षांखालील मुलांनी न्यूझीलंडमध्ये विश्वचषक जिंकला. मंडळाने बक्षिसे जाहीर केली : द्रविड यांना ५० लाख, खेळाडूंना प्रत्येकी ३० लाख, आणि सहायकांना प्रत्येकी २० लाख. द्रविड यांनी हरकत घेतली. मला अधिक का, असे त्यांनी विचारले. अखेर त्यांना आणि सहायकांना सारखेच, प्रत्येकी २५ लाख मिळाले. म्हणजे द्रविड यांचे निम्मे गेले. एवढेच नव्हे, तर आधीच्या काळात ज्यांनी त्या मुलांवर मेहनत घेतली होती, त्यांचीही नावे यादीत आली. त्यांत राजेश सावंत हे नाव होते. संघाचे व्यायाम-प्रशिक्षक असलेले सावंत २०१७ सालच्या जानेवारीत, कामावर असतानाच्या काळातच, मुंबईत वारले होते. विश्वचषक त्यांनी पाहिला नाही. पण यादीत ते राहिले. २०२४ सालीही द्रविड यांनी आपल्या वाट्याचे ५ कोटी सहायकांइतके, म्हणजे अडीच कोटी करून घेतले, असे वृत्तपत्रांत आले. टाळ्या द्रविड यांना मिळाल्या, आणि त्या योग्यच होत्या. पण मला त्या यादीचे मोल अधिक वाटते. यादीत नाव असणे म्हणजे काय, हे मला एका गोष्टीने शिकविले आहे. ती सांगतो.

आमच्या महाविद्यालयात बास्केटबॉलचे मातीचे मैदान होते. आजही आपल्या बहुतेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचे एकच पद असते. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सारे त्या एकट्याच्या गळ्यात. तेव्हा बास्केटबॉल शिकवायला एक गृहस्थ येत. कोठल्याशा कचेरीत कारकून होते. सायकलवरून साडेपाचला येत, पँट वर दुमडीत, फक्कीने रेषा आखीत, चेंडूत हवा भरीत आणि मग आम्हांला शिकवीत. डाव्या हाताने ले-अप यावा म्हणून त्यांनी माझा उजवा हात महिनाभर पट्ट्याने कमरेला बांधून ठेवला होता. मानधन शून्य. ते कोण, असे कोणी विचारले तर आम्ही ‘आमचे सर’ म्हणत असू. कागदावर ते कोणीच नव्हते.

एका वर्षी आम्ही करंडक जिंकला. मी कर्णधार. छायाचित्र काढायचे ठरले. प्राचार्य मधे, संचालक शेजारी, आम्ही मागे. आमची घड्याळे, सदरे, चपला सांभाळीत ते बाजूला उभे होते. मला ते दिसत होते. ‘सर, या ना’ एवढे दोन शब्द मी बोललो नाही. मुद्दाम नव्हे, सुचलेच नाही. वार्षिक अंकातला जिमखान्याचा अहवालही कर्णधार म्हणून मीच लिहिला. त्यात प्राचार्यांचे आभार, संचालकांचे आभार, करंडक देणाऱ्या पाहुण्यांचे आभार. इतकेच.

तीन-चार वर्षांनी ते माझ्याकडे आले. पतियाळाला १९६१ सालापासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, तेथे प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम असतो. त्यांना अर्ज करायचा होता. नोकरीतून रजा मिळण्याची शक्यताही होती. संघ शिकविल्याचा काही पुरावा हवा होता. महाविद्यालयात चौकशी केली तर तेथे त्यांची नोंदच नव्हती. नोंद असणार कशी? तेव्हा त्यांनी विचारले, “वार्षिक अंकात काही छापले होते का रे?” मी अंक काढला. दोघांनी मिळून माझाच अहवाल वाचला. ते म्हणाले, “भाषा चांगली आहे.” चहा घेऊन ते गेले. त्या वर्षी अर्जाची मुदत टळली. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.

तो अर्ज गेला असता तर त्यांची निवड झालीच असती, असे मी म्हणत नाही. पण अर्ज गेला नाही, याला मी कारण झालो.

आता आपल्या शहरात साधने पुष्कळ वाढली आहेत. गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे, विद्यापीठाच्या बाजूला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. मुले-मुली उत्तम खेळतात. आणि आजही संध्याकाळच्या मैदानावर एखादा जुना खेळाडू, एखादी जुनी खेळाडू, नोकरी सांभाळून शिकविताना मला दिसते. सभागृहात काही प्राध्यापक मंडळी आहेत, काही संस्थाचालकही दिसतात, म्हणून एक छोटीशी मागणी करतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला संघ पाठविताना जी यादी जाते, तिच्यात सहप्रशिक्षकाचे नाव घाला. त्याला प्रवासभत्ता द्या. मुलांना सदरे शिवता तेव्हा एक त्याच्या मापाचा शिवा. वर्षाअखेर अनुभवाचा दाखला द्या, सही-शिक्क्यासह, त्याने मागण्यापूर्वी. खर्च फारसा नाही. आणि येथे जे विद्यार्थी कर्णधार असतील, त्यांनी वार्षिक अंकाचा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी एकदा माझ्याकडे आणून दाखवावा. मी रोज सकाळी घरीच असतो.