दोराच्या पुढच्या टोकाला



1951 साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठात रेक्टरची निवड झाली. तिथं हे पद विद्यार्थ्यांच्या मतांवर ठरतं, आणि विद्यार्थ्यांनी मतं दिली ती चक्क एका विनोदी नटाला. जिमी एडवर्ड्स त्याचं नाव. देह आडवातिडवा, आवाज गडगडाटी, आणि मिशी अशी झुपकेदार की आधी ती रंगमंचावर यायची, मागून तो. रेडिओवरच्या ‘टेक इट फ्रॉम हिअर’नं त्याला घराघरांत नेलं होतं. पुढं दूरचित्रवाणीवरच्या ‘व्हॅक-ओ!’ मालिकेत त्यानं छडीबाज, लबाड हेडमास्तर रंगवला. त्या मिशीखाली भाजल्याचे व्रण होते.

एडवर्ड्सचा जन्म 1920चा, लंडनच्या बार्न्स भागातला. लहानपणी तो सेंट पॉल कॅथीड्रलच्या शाळेत होता, नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गायनाच्या शिष्यवृत्तीवर आला. म्हणजे आज पदवी घेणाऱ्या तुम्हा विद्यार्थ्यांच्या वयाचा असताना हा मुलगा प्रार्थनास्थळात सुरात गात होता आणि उरलेल्या वेळात सहाध्यायांना हसवत होता. मग युद्ध आलं. तो रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक झाला आणि 271 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये डकोटा विमानं चालवू लागला. 1944मध्ये ही स्क्वाड्रन ग्लॉस्टरशायरमधल्या डाउन ॲम्प्नी इथं होती. संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांचं हे जन्मगाव. गाणाऱ्या पोराला युद्धानं आणून टाकलं तेही अशा गावी.

स्पिटफायर या लढाऊ विमानांच्या वैमानिकांची चित्रं निघाली, सिनेमे निघाले. डकोटावाल्यांच्या वाट्याला आली ओझ्याची कामं: छत्रीधारी सैनिक सोडणं, रसद टाकणं, जखमींना परत आणणं आणि ग्लायडर ओढणं. यातलं शेवटचं काम जरा बघण्यासारखं आहे.

हॉर्सा ग्लायडर म्हणजे प्लायवूडचं, बिनइंजिनाचं विमान. पंखांचा विस्तार 88 फूट. आत पंचवीस-तीस सैनिक, नाहीतर जीपगाडी आणि तोफ. भरल्यावर वजन सुमारे सात टन. हे धूड जाड दोरानं डकोटाच्या मागे बांधायचं आणि दोन इंजिनांच्या जोरावर दोन्ही विमानं हवेत न्यायची. पुढच्या विमानाच्या मागं हवेचा घुसळता झोत असतो. त्यात ग्लायडर सापडला तर हेलकावतो, म्हणून त्यानं झोताच्या वर तरी राहायचं, नाहीतर खाली. तो फारच वर गेला तर ओढणाऱ्याची शेपटी वर खेचली जाते आणि नाक जमिनीकडे वळतं. म्हणजे मागच्याची चूक पुढच्याच्या जिवावर, अन् पुढच्याची मागच्याच्या! दोघांना बोलता यावं म्हणून दोराबरोबर टेलिफोनची तार ओढलेली असे. ठरलेल्या जागी ग्लायडरचा वैमानिक दोर सोडायचा आणि खाली उतरून स्वतःही बंदूक हाती घ्यायचा. ओढणारा उरलेला दोर टाकून परत फिरायचा, कारण त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं असे.

परत फिरणं हा त्याच्या कामाचाच भाग होता, त्यात कमीपणा नव्हता. म्हणूनच या स्क्वाड्रनमधल्या दोन शौर्यपदकांची कथा मला विलक्षण वाटते. दोन्ही पदकं मिळाली ती निघून जाण्याची पूर्ण मुभा असताना वैमानिक गेले नाहीत म्हणून.

सप्टेंबर 1944. ऱ्हाइन नदीवरचा पूल घेण्यासाठी ब्रिटिशांची पहिली एअरबोर्न डिव्हिजन हॉलंडमधल्या आर्नेमजवळ उतरली. 17 तारखेपासून डाउन ॲम्प्नीहून हॉर्सा ग्लायडर ओढून नेले गेले. खाली मात्र गणित चुकलं. जर्मन चिलखती दळं अपेक्षेपेक्षा जवळ निघाली आणि उतरलेले सैनिक वेढले गेले. आता त्यांना दारूगोळा आणि अन्न आकाशातूनच मिळणार होतं.

19 तारखेला याच स्क्वाड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट डेव्हिड लॉर्डचा डकोटा रसद घेऊन निघाला. हा माणूस एकेकाळी स्पेनमधल्या वायादोलिदला धर्मगुरू व्हायला गेला होता. ते अर्धवट सोडून तो वायुसेनेत आला. 31 क्रमांकाच्या स्क्वाड्रनबरोबर तो भारतात होता. वायव्य सरहद्दीवर आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यानं विमानं चालवली, आणि डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक त्याच्या छातीवर आधीच होतं. आर्नेमला पोहोचायला तीन मिनिटं असताना उजवं इंजिन पेटलं. त्या क्षणी तो वळला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं. तो 900 फुटांवर उतरला, तोफांच्या माऱ्यात माल टाकला, आणि दोन पेट्या राहिल्यात असं कळल्यावर जळतं विमान वळवून पुन्हा त्याच रेषेवर आला. पेट्या पडल्यावर त्यानं सहकाऱ्यांना उड्या मारायला सांगितलं. तेवढ्यात पंख तुटला. आत आठजण होते, वाचला एकटा नॅव्हिगेटर. तो युद्धकैदेतून सुटून आला तेव्हा सगळी हकिकत उजेडात आली, आणि नोव्हेंबर 1945मध्ये लॉर्डला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. माल पडला ती जागा मात्र शत्रूच्या हातात होती. हे वाक्य गाळून ही गोष्ट सांगण्याचा मोह होतो, पण गाळू नये.

दोन दिवसांनी, 21 तारखेला, एडवर्ड्सची पाळी. माल टाकून तो परत निघाला होता. कागदोपत्री त्याचं काम झालं होतं. वाटेत जर्मन लढाऊ विमानानं त्याला गाठलं. डकोटावर ना बंदूक, ना चिलखत. विमान पेटलं. उडी मारायची वेळ आली तेव्हा मागं माल ढकलणारे सैनिक जखमी होऊन पडले होते. त्यांना उडी मारता येणार नव्हती. एडवर्ड्सही मग थांबला. जळतं विमान त्यानं जमिनीवर आदळत उतरवलं आणि त्यात त्याचा चेहरा भाजला. चोविशीतल्या या वैमानिकाला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला.

चेहरा दुरुस्त करायला तो ईस्ट ग्रिनस्टेडला गेला. तिथं न्यूझीलंडचे शल्यविशारद आर्चिबाल्ड मकिंडो भाजलेल्या वैमानिकांवर नव्या पद्धतींनी शस्त्रक्रिया करत. प्रयोग आपल्यावर चालतात म्हणून रुग्णांनी 1941मध्येच ‘गिनीपिग क्लब’ काढला होता. खजिनदार असा निवडला की ज्याचे पाय भाजलेत, म्हणजे पैसे घेऊन पळायला नको. चिटणीस असा, की ज्याची बोटं भाजलीत. इतिवृत्त आपोआप आटोपशीर! मकिंडो वॉर्डात बिअरचं पिंप ठेवू देत, आणि गावातल्या लोकांना सांगत, या पोरांना बघून नजर चोरू नका, टक लावूनही बघू नका. गावानं ते पाळलं.

एडवर्ड्स त्या क्लबचा सभासद झाला. व्रण झाकायला त्यानं मिशी वाढवली, आणि 1946मध्ये लंडनच्या विंडमिल थिएटरात तीच मिशी घेऊन उभा राहिला. हातात ट्रॉम्बोन. लोक हसले, आणि हसतच राहिले. पुढच्याच वर्षी त्या थिएटरातल्या त्याच्या रंगपटाच्या खोलीत ‘हँडलबार क्लब’ स्थापन झाला. प्रवेशाचा नियम साधा: मिशीची दोन्ही टोकं चिमटीत धरता आली पाहिजेत. दाढीवाल्यांना मज्जाव.