पाखरे परत जाताना

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)





पक्षी आणि त्यांचे स्थलांतर या विषयावर मी बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची इच्छा आहे. परीक्षा तोंडावर आलेल्या आहेत. अशा वेळी मुलांना पाखरांच्या गोष्टी कशाला, असे काही पालकांच्या मनात आले असेल. हा प्रश्न चुकीचा नाही. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणाऱ्या आईबापांना तो विचारण्याचा हक्क आहे. मी त्याचे उत्तर देणार आहे, पण त्याआधी आपण सगळे मिळून पैठणच्या पाण्यावर एक फेरी मारून येऊ.

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. मात्र छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर गोदावरीचे एवढे पाणी अडलेले आहे की, काठावर उभे राहिले तर पलीकडचा किनारा नजरेत येत नाही. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणाची लांबी सुमारे दहा किलोमीटर, दरवाजे सत्तावीस, आणि मागच्या जलाशयाचा विस्तार साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात. या जलाशयाला आपण नाथसागर म्हणतो. त्यासाठी अनेक गावांनी आपली घरे, शेते आणि कबरस्ताने पाण्याखाली दिली, हे आपण विसरू नये.

धरण बांधले ते शेतीसाठी. पाखरांचा विचार त्या वेळी कोणी केला नव्हता. पण नाथसागर पसरट आहे आणि पुष्कळ ठिकाणी उथळ आहे. पावसाळ्यानंतर पाणी भरते आणि मग महिन्या-महिन्याने ओसरत जाते. ओसरलेल्या पाण्यामागे ओला गाळ उघडा पडतो. त्यात किडे, अळ्या, शिंपले आणि पाणवनस्पतींचे कंद असतात. म्हणजे दूरदेशच्या पाखरांसाठी मैलोगणती दस्तरखानच अंथरलेला! थोड्याच वर्षांत ती येथे इतकी येऊ लागली की १९८६ साली शासनाने हे क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केले. येथे दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना पाखरे येतात हे माहीत आहे. दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांत पाहुण्यांच्या आगमनाच्या बातम्या छापून येतात. ती परत जातात केव्हा आणि कशी, याकडे मात्र आपले लक्ष नसते. मला वाटते, खरी शिकण्यासारखी गोष्ट या परतण्यातच आहे.

फेब्रुवारी सरत आला, पळस फुलला, की नाथसागराच्या काठावर हालचाल सुरू होते. दिवस मोठा होऊ लागतो. वाढत्या उजेडाची खूण पक्ष्याच्या मेंदूला पटते, शरीरात बदल होऊ लागतात आणि भूक वाढते. पक्षी अधिकाधिक खातो आणि अंगावर चरबी साठवतो. ही चरबी म्हणजे त्याच्या प्रवासाची शिदोरी. पिवळ्या धोब्याचा पिवळा रंग याच दिवसांत झळाळू लागतो, आणि हिवाळाभर मातकट दिसणाऱ्या गॉडविट पक्ष्याच्या छातीवर विटकरी रंग चढतो. मग एका संध्याकाळी थवा अस्वस्थ होतो, उठतो, पुन्हा बसतो, आणि दुसऱ्या सकाळी पाहावे तर पाण्याचा तेवढा तुकडा रिकामा असतो. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असे एकेक जण निघून जातात. एप्रिलच्या अखेरीस बहुतेक हिवाळी पाहुण्यांनी काठ सोडलेला असतो.

ते कोठे जातात? पट्टकादंब हंसाचे उदाहरण घ्या. राखी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या असलेला हा हंस तिबेट, मंगोलिया, किर्गिझस्तान या प्रदेशांतील उंच सरोवरांकाठी अंडी घालतो. आपल्याकडून तिकडे जायचे तर वाटेत हिमालय आहे. शास्त्रज्ञांनी काही हंसांच्या अंगावर लहान यंत्रे बसवून उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचा माग ठेवला. तेव्हा असे आढळले की हा पक्षी सात-आठ तासांत हिमालयाची चढण चढून जातो. त्यांपैकी एका हंसाची ७,२९० मीटर उंचीची नोंद झालेली आहे. तेथे हवा इतकी विरळ असते की माणसाला चार पावले टाकतानाही धाप लागावी. हे हंस बहुधा रात्री किंवा पहाटे उडतात, कारण थंड हवा दाट असते आणि पंखांना आधार देते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील घनतेचा धडा पाखराला असा पाठ आहे.

दुसरे उदाहरण आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचे आहे. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे पिकावर उतरतात आणि गोफण घेऊन त्यांना हाकावे लागते. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या भोरड्या उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस, पांगारा, सावर यांच्या फुलांवर मध पिताना दिसतात, आणि एप्रिलपर्यंत मध्य आशियाच्या वाटेला लागतात. तिकडे त्या पिल्लांना टोळ भरवतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर भोरड्यांनी घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात, कारण त्यांच्यामुळे टोळांचा बंदोबस्त होतो. येथे ज्याच्या नावाने आपण ओरडतो, त्याचीच तिकडचा शेतकरी वाट पाहत असतो. पक्षी एका देशाचा नसतो तो असा.

म्हणून स्थलांतर म्हणजे दोन टोके नव्हेत, ती मुक्कामांची माळ आहे. आपल्या गोदावरीवरच पाहा. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर वरच्या अंगाला आणि त्याच नदीवर खाली नाथसागर. नांदूरमध्यमेश्वरला २०२० साली रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. असा दर्जा मिळालेले महाराष्ट्रातील ते पहिले स्थळ. याच माळेतले मणी पुढे राजस्थान, हिमालय आणि मध्य आशियापर्यंत ओवलेले आहेत. या हवाई मार्गाशी सुमारे तीस देशांचा संबंध येतो. एक मुक्काम मोडला तर त्याच्या पुढचा प्रवास अडतो. ज्या पाखराला नाथसागरावर पुरेसे खाणे मिळाले नाही, ते कमी शिदोरी घेऊन हिमालयाकडे निघते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. यातून मुलांना मिळणार काय?

आपल्या शहरात दिल्ली दरवाजाजवळ जुना खिजरी तलाव आहे. आज त्याला सलीम अली सरोवर म्हणतात. रोज त्याच्यावरून जाणाऱ्या किती जणांना सलीम अली कोण हे सांगता येईल? १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईवडिलांना पारखा झाला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला वाढवले. दहा-बारा वर्षांचा असताना त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांना सांगता आले नाही, पण त्यांनी प्रश्न झटकून टाकला नाही. त्यांनी मुलाला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. पालकहो, या गोष्टीतील मामांकडे लक्ष द्या. उत्तर ठाऊक नसलेल्या वडीलधाऱ्याने काय करावे, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढची वाट सोपी नव्हती. सलीम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि त्यामुळे सरकारी पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. जर्मनीत जाऊन ते शिकून आले, तर इकडची संग्रहालयातील नोकरी काटकसरीत गेलेली. तेव्हा ते अलिबागजवळ किहीमच्या समुद्रकाठी राहू लागले आणि तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यानंतर त्यांनी निरनिराळ्या संस्थानांकडे एक प्रस्ताव मांडला. पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, मी तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करून देतो. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानची पाहणी अशीच झाली. आपला मराठवाडा त्या वेळी त्याच संस्थानात होता. पत्नी तहमीना त्यांच्याबरोबर रानावनांत तंबूत राहिल्या. १९४१ साली सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. १९५९ पासून त्यांच्या देखरेखीखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून सोडण्यात आले. स्थलांतराचे मार्ग आपल्याला कळू लागले ते अशा कड्यांमुळे. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि १९८७ साली ते वारले.

विद्यार्थिनींनो, तुमच्यासाठी आणखी एक नाव सांगतो, जमाल आरा. १९२३ साली बिहारमध्ये जन्मलेल्या या बाईंचे शिक्षण दहावीपर्यंतच झालेले होते. त्यांनी छोटा नागपूरच्या जंगलांत वर्षानुवर्षे पक्षी पाहिले, वहीत टिपले, आणि त्यांचे लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. मुलांसाठी लिहिलेले त्यांचे पक्षिनिरीक्षणाचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९७० साली प्रसिद्ध केले. झफर फतेहअली यांनी १९६० च्या सुमारास पक्षिनिरीक्षकांसाठी एक साधे वार्तापत्र सुरू केले, त्यातही सामान्य माणसांनी पाठवलेली टिपणे असत.

या साऱ्यांना मोठे केले ते नियमित पाहण्याने आणि पाहिलेले प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याने. पदवी जरूर मिळवा, मी तिचे महत्त्व कमी करत नाही. पण पाहण्याची सवय आणि खरे तेच लिहिण्याची शिस्त नसेल, तर डॉक्टरकीलाही अर्थ नाही आणि इंजिनियरिंगलाही नाही. ही सवय लावायला वही, पेन्सिल आणि पहाटेचा एक तास पुरतो.

या नोंदीची आज फार गरज आहे. पाणी ओसरले की नाथसागराच्या काठावर शेतकरी गाळपेर करतात. मच्छीमार जाळी लावतात. त्यांची पोटे त्यावर चालतात. ज्यांची शेते धरणात गेली, त्यांना तुम्ही पाखरांसाठी बाजूला व्हा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? पण त्याच काठावर उन्हाळ्यात नदी सुरय उघड्या वाळूत अंडी घालतो, आणि पायाखाली किंवा कुत्र्यांच्या तोंडी ती नष्ट होतात. तुटलेल्या जाळ्यात बदके अडकतात. पाखरे कोणत्या तुकड्यावर, कोणत्या महिन्यात, किती असतात याची वर्षांमागून वर्षे नोंद असेल, तर दोघांनाही जागा ठेवता येते. नोंद नसेल तर नुसता वाद होतो, आणि वादात पाखराची बाजू मांडायला कोणी नसते.

हे घडू शकते याचा पुरावा नागालँडमध्ये आहे. तेथेही दोयांग नावाचे धरण आहे. दर शरद ऋतूत अमूर ससाणे चीन-मंगोलियाकडून आफ्रिकेकडे जाताना तेथे लाखोंनी उतरतात. २०१२ साली तेथे जाळी लावून या पक्ष्यांची प्रचंड प्रमाणावर हत्या झाल्याचे उघड झाले. जगभर ओरड झाली. पण नुसत्या ओरडीने काम भागले नाही. कार्यकर्ते गावागावांत बसले, ग्रामसभांनी निर्णय घेतले, चर्चमधून आवाहने झाली, शाळेतील मुलांची मंडळे निघाली. २०१३ साली तेथे जाळी लागली नाहीत. त्या वर्षी तीन ससाण्यांवर उपग्रहयंत्रे बसवली, त्यांतील एकाचे नाव पांगती ठेवले. ते ज्या गावात पूर्वी शिकार होत असे, त्याच गावाचे नाव. एका वर्षात एवढा पालट झाला, तो गावकऱ्यांनी मनावर घेतला म्हणून.

आपल्याला काय करता येईल? प्रत्येक शाळेत एक पक्षीवही असावी. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या, आणि तो काय करत होता, एवढे सहा रकाने पुरेत. सुरुवात सलीम अली सरोवराच्या परिसरापासून किंवा हिमायत बागेतील झाडांपासून करावी. नाथसागरावर जाताना शिक्षक बरोबर असावेत आणि वनखात्याची परवानगी घ्यावी. थव्यामागे धावू नये, फोटोसाठी त्याला उठवू नये. उठलेला प्रत्येक थवा आपल्या शिदोरीतील थोडी चरबी वाया घालवतो. नाव ओळखता आले नाही तर वहीत प्रश्नचिन्ह करावे, अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. पायात कडी असलेला मेलेला पक्षी सापडला, तर कडीवरील अक्षरे व क्रमांक जसेच्या तसे उतरून घेऊन सोसायटीला कळवावे. हल्ली मोबाइलवर ई-बर्डसारखी सोय आहे, तिच्यावर आपली नोंद टाकली की जगातील अभ्यासक ती पाहू शकतात. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. पहिला दिवस मराठी पक्षिकोशाचे कर्ते मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या जन्माचा. त्या आठवड्यात आलेले पाहुणे मोजावेत, आणि मार्च-एप्रिलमध्ये जाणारेही मोजावेत.

पालकांना माझी एकच विनंती आहे. उद्या तुमचा मुलगा किंवा मुलगी एखादे पाखरू दाखवून हे कोणते असे विचारील, तेव्हा तुम्हाला उत्तर येणार नाही कदाचित. त्यात कमीपणा नाही. अभ्यास सोडून हे काय चालवले आहे, एवढे मात्र म्हणू नका. त्याला ग्रंथालयात पाठवा, शिक्षकांकडे पाठवा, कोणा जाणकाराच्या नावे चिठ्ठी द्या.