शरणपूरच्या शाळेचे विद्यार्थी

नाशिक शहरांत शरणपूर रोड हा मोठ्या वर्दळीचा रस्ता आहे. त्या रस्त्यानें रोज हजारों माणसें जातात-येतात. परंतु ज्या वसाहतीवरून त्याला हें नांव पडलें, तेथील एका लहानशा शाळेचे विद्यार्थी आफ्रिकेच्या इतिहासांत नांव मिळवून गेले, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. नाशिकच्या विद्यालयांचा विषय निघाला कीं १९२४ सालीं स्थापन झालेल्या हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेजाचें, आणि तेथें शिकलेल्या कुसुमाग्रजांचें नांव अभिमानानें घेतलें जातें. आणि तें योग्यच आहे. शरणपूरच्या शाळेचा असा अभिमान बाळगणारे मात्र गांवांत कोणी उरले नाहींत, कारण तिचे हे विद्यार्थी शिकले आणि समुद्रापार निघून गेले.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज ख्रिस्ती संस्थेचें काम नाशिकास १८३२ पासून चालू होतें. शतकाच्या मध्यास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं गांवाबाहेर शरणपूर वसविलें. त्या काळीं इंग्रजी आरमाराचीं जहाजें गुलामांचा व्यापार करणाऱ्या अरबी गलबतांचा पाठलाग करीत. गलबत सांपडलें कीं त्यांतील माणसांना मुक्त करून पुष्कळदां मुंबईस उतरविण्यांत येई. त्यांत मुलें पुष्कळ असत. आईबाप कोठें राहिले याचा पत्ता नाहीं, आपली भाषा बोलावयास शेजारीं कोणी नाहीं, अशा स्थितींतील कित्येक मुलें-मुली नाशिकास पाठविल्या गेल्या. तेथें त्यांना लिहिणें-वाचणें, आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकवीत. नांवेंही नवीं मिळत. कोणी वेनराइट झाला, कोणी वेलिंग्टन. कोणाला खुद्द प्राइससाहेबांचें आडनांव मिळालें, तर कोणाला फॅरर या नाशिकच्या जुन्या मिशनऱ्याचें. आईनें हांक मारलेलें नांव बहुतेकांच्या बाबतींत कागदावर उतरलेंच नाहीं. शाळेनें जें दिलें तें सांगतांना हें गाळून चालणार नाहीं.

१८६४ सालीं या शाळेचे विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे पूर्व आफ्रिकेंत, मोंबासाजवळ रबई येथें, मिशनच्या कामावर गेले. पुढल्याच वर्षीं डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले. नाईल नदीच्या उगमाचा शोध घेण्यासाठीं त्यांना माणसें हवीं होतीं. ते नाशिकास गेले, आणि शरणपूरच्या नऊ विद्यार्थ्यांना घेऊन १८६६ च्या जानेवारींत मुंबईहून झांजीबारकडे निघाले. या मुलांविषयीं डॉक्टरांचें मत नेहमींच चांगलें होतें असें नाहीं. ते आळशी आहेत, खोटें बोलतात, अशा तक्रारी त्यांच्या रोजनिशींत आढळतात. कांहीं पळाले, एक आजारानें वाटेंतच मेला. पण एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत राहिला. १८७२ सालीं झांजीबारहून जी नवी तुकडी डॉक्टरांच्या मदतीस गेली, तींत याच शाळेचे आणखी कांहीं तरुण होते. जेकब वेनराइट, कॅरस फॅरर आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांतले.

१८७३ च्या मे महिन्याच्या पहिल्या दिवशीं, आजच्या झांबियांतील चितांबो नांवाच्या सरदाराच्या गांवीं, डॉक्टर वारले. त्या वेळीं त्यांच्याजवळ एकही गोरा मनुष्य नव्हता. तुकडीचे पुढारी सूसी आणि चूमा हे नाशिकचे नव्हेत. चूमा मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेंत राहिलेला होता. सर्वांनीं विचार करून ठरविलें कीं प्रेत आणि कागदपत्र समुद्रकिनाऱ्यापर्यंत न्यावयाचे. प्रेत वाहून नेणें त्या प्रदेशांत अशुभ समजत, त्यामुळें वाटेंत अडवणूक व्हावयाची हें ते जाणून होते. तरी त्यांनीं तें केलें. फॅररनें एका सोबत्याच्या मदतीनें प्रेतांतील अंतर्भाग काढले, हृदय एका झाडाखालीं पुरलें, आणि त्या वेळीं वेनराइटनें इंग्रजी प्रार्थनापुस्तकांतील अंत्यविधि वाचला. डॉक्टरांच्या सामानाची यादी त्यानेंच केली. झाडाच्या बुंध्यावर नांव आणि तारीख कोरली तीही त्यानेंच. तो कोरलेला भाग पुढें लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेण्यांत आला.

प्रेत मीठ लावून उन्हांत वाळवून, कापडांत आणि झाडाच्या सालींत गुंडाळून हीं माणसें निघालीं. ऑक्टोबरमध्यें उन्यान्येंबेजवळ आल्यावर चूमा एक पत्र घेऊन पुढें गेला. तें पत्र वेनराइटनें लिहिलें होतें. शोधासाठीं निघालेल्या तुकडींत डॉक्टरांचा मुलगा आहे अशी त्यांची समजूत झाली होती, म्हणून तें त्याच्या नांवें होतें. तुमचे वडील वारले, प्रेत आम्हीं बरोबर आणलें आहे, दहा माणसें गमावलीं, आणि आतां भुकेनें जीव कासावीस आहे, तेव्हां धान्य विकत घेण्यासाठीं कापड पाठवावें, एवढाच त्याचा आशय. इंग्रजी मोडकें आहे, पण एक शब्द वायां घालविलेला नाहीं. शरणपूरच्या शाळेंत अक्षर गिरविणाऱ्या मुलाकडून याहून मोठी परीक्षा कोणीं घेतली नसेल.

पत्र पोंचलें तें लेफ्टनंट कॅमेरॉन यांच्या हातीं. प्रेत येथेंच पुरा, असा सल्ला त्यांनीं दिला; तो या मंडळींनीं मानला नाहीं. डॉक्टरांचीं कांहीं यंत्रें मात्र कॅमेरॉननें स्वतःच्या उपयोगासाठीं ठेवून घेतलीं. पुढें एका गांवीं लोक वाट देईनात, तेव्हां प्रेत परत पाठवून पुरल्याचा देखावा करून खरें प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखें बांधण्यांत आलें. १८७४ च्या फेब्रुवारींत ते बागामोयोस पोंचले. हजार मैलांहून अधिक वाट त्यांनीं पायीं काटली होती. सरकारी अधिकाऱ्यांनीं त्यांचा पगार चुकता केला आणि त्यांना निरोप दिला.

इंग्लंडपर्यंत प्रेताबरोबर गेला तो एकटा वेनराइट, आणि तोही सोसायटीनें भाडें भरलें म्हणून. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर अॅबेमध्यें डॉक्टरांचा दफनविधि झाला; शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्लेबरोबर नाशिकचा हा विद्यार्थी होता. सूसी आणि चूमा नंतर पोंचले. वेनराइटनें त्या प्रवासाची रोजनिशी ठेवली होती. त्या मृत्यूचें व त्या वाटचालीचें, जाणाऱ्यांपैकींच एकानें त्याच वेळीं आपल्या हातानें लिहिलेलें तें वृत्त आहे. तरीही जगानें ही हकीकत बराच काळ वाचली ती डॉक्टरांच्या रोजनिशीच्या इंग्रज संपादकाच्या शब्दांत.

१८७३ सालीं सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर झांजीबारच्या सुलतानानें गुलामांचा बाजार बंद केला. मुक्त झालेल्यांसाठीं मोंबासासमोर फ्रिअर टाउन ही वसाहत निघाली. तिची मांडणी करावयास १८७५ च्या सुमारास शरणपूरचेच प्राइससाहेब गेले, आणि शरणपूरचे आफ्रिकन रहिवासीही तिकडे गेले. तेथें त्यांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत. शिक्षक, दुभाषे, कारागीर हींच माणसें होतीं. गोऱ्या सहकाऱ्यांच्या बरोबरीचा मान आणि वेतन मात्र त्यांना मिळालें नाहीं, आणि त्याविषयीं कटकटी झाल्या. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ सालीं बिशप हॅनिंग्टन यांनीं धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. त्याच वर्षीं हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले. मागें ठेवलेली तुकडी परत आणण्याची जबाबदारी जोन्सवर पडली, आणि ती त्यानें पार पाडली. १८८६ च्या फेब्रुवारींत ती रबईस आली, तेव्हां पुढें एक निळें निशाण होतें आणि त्यावर, वैभव गेलें या अर्थाचा, बायबलांतील इखाबोद हा शब्द लिहिलेला होता.

वेनराइट १८९२ सालीं आजच्या टांझानियांतील उरांबो येथें वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासास राहिला. सरकारी बांधकाम खात्यांत त्यानें नोकरी केली, आणि डॉक्टरांच्या तुकडींतील शेवटचा हयात मनुष्य म्हणून म्हातारपणीं लोक त्याला पाहावयास येत. तो १९३५ सालीं गेला. फ्रिअर टाउनची घंटा, गुलाम पकडणारे आले कीं वाजवावयाची ती, मोंबासास अजून आहे. तेथील लोक त्या भागाला केंगेलेनी, म्हणजे घंटेची जागा, असें म्हणतात.